दिवाळीची सुट्टी, फराळ आणि मुलांची तब्येत



दिवाळीनंतर शाळा उघडते त्या आठवड्यातला हजेरीपट कधी नीट बघा. कुणाला खोकला, कुणाचं पोट बिघडलेलं आणि जी मुलं आलेली असतात ती दुसऱ्या तासालाच जांभया देतात. मजा करून दमलेली असतात बिचारी.

लाडू-करंज्या खाऊच नका, असं मुलांना सांगण्यात काही अर्थ नाही. दिवाळीत नाही खायचं तर कधी? त्यापेक्षा चौथी-पाचवीच्या मुलांना एक गणित घाला. अर्धा किलो बेसनाच्या लाडवांना साधारण पाव किलो पिठीसाखर लागते. त्याचे २५ लाडू वळले, तर एका लाडवात साखर किती? १० ग्रॅम, म्हणजे चहाचे अडीच चमचे. आता पुढचं बघा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. हे ५ टक्के मोठ्या माणसासाठी साधारण २५ ग्रॅम होतात, लहान मुलांसाठी त्याहूनही कमी. म्हणजे दोन लाडू आणि एक कप गोड चहा झाला की मोठ्यांचासुद्धा दिवसाचा कोटा संपत आला. हा भागाकार मुलानं स्वतः केला की आईला डबा वरच्या फळीवर लपवावा लागत नाही. (निदान दोन दिवस तरी!)

फराळ जेवणानंतर द्यावा, जेवणाऐवजी नको. सकाळी चिवडा, दुपारी चकली, संध्याकाळी शेव असं चाललं की भाजी-भाकरी पोटात जातच नाही, आणि मग पोट साफ होत नाही म्हणून रडारड. याच दिवसांत बाजारात सीताफळं, पेरू भरपूर असतात. ते फराळाच्या ताटातच ठेवा. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. काळपट झालं, फेसाळायला लागलं की ते तेल गेलं समजा.

फटाक्यांबद्दल दोनच गोष्टी. नागगोळी आवाज करत नाही म्हणून आपण ती लहानग्यांच्या हाती देतो. पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या मोजणीत सूक्ष्म कणांचा धूर सगळ्यात जास्त तिचाच निघाला होता, आणि मूल तर तिच्यावर वाकून बघत असतं. दुसरं, विझलेल्या फुलबाजीची तार बराच वेळ तापलेली राहते. पाण्याची बादली शेजारी ठेवा, तार त्यातच टाकायला लावा. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नका. जखम मोठी असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर लगेच दवाखाना गाठा.

व्यायामासाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही, अंगणात किल्ला करू द्या. माती आणणं, दगड रचणं, पाणी वाहणं यात तासभर सहज जातो, आणि या वयाला रोज तेवढीच हालचाल सांगितलेली आहे. बुरुजावर अळीव पेरा. ते उगवेपर्यंत मोबाईलची आठवण जरा कमी येते.

शिक्षक मित्रांना एक विनंती. सुट्टीनंतर 'तुमच्याकडे फराळाला काय काय केलं?' हा निबंध देताना जरा थांबा. काही घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली असतात, काही घरी गोडाचं काहीच झालेलं नसतं. त्यापेक्षा 'सुट्टीत मी कुणाला मदत केली' हे विचारा. फराळाच्या कामात पिचून गेलेल्या आईचा विषयही त्यात आपोआप येतो.

राहिली झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. सुट्टीत ती पुढे सरकत सरकत रात्री बारावर जाते, अन् शाळेच्या आदल्या दिवशी नऊला झोप म्हटलं तर येणार कशी? शेवटच्या चार-पाच दिवसांत रोज अर्धा तास लवकर अंथरूण घाला, आणि त्या वेळी घरातला टीव्हीसुद्धा बंद करा, मोठ्यांचा मोबाईल पण.