हाडात भोक पाडताना

वर्कशॉपच्या पहिल्याच आठवड्यात सर ओरडतात ते आठवतं ना? "अरे, आधी कूलंट सोड!" ड्रिल तापलं की बिट जातं, जॉबही जातो. लोखंडाचं ठीक आहे, दुसरा तुकडा घेता येतो. पण जॉब म्हणजे माणसाचा जबडा असेल तर?

पोलादपूरच्या माझ्या मामांनी 2019 मध्ये खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेतलं. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1952 च्या सुमारास सशांवर प्रयोग करताना दिसलं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. परवा मामांच्या एक्स-रेत स्क्रूचे वरचे दोन आटे हाडाबाहेर दिसले. मामांनी लगेच विचारलं, "काय रे इंजिनिअर, भोक चुकलं का माझं?"

मग वाचायला बसलो. हाड जिवंत असतं, हीच सगळी भानगड. 47 अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिलं तरी ते बिघडतं, असं 1983 मध्ये दिसलं. (तेही सशांवरच. बिचारे!) म्हणून डॉक्टर सलाईनची धार सोडतात, धारदार ड्रिल घेतात, एकदम मोठं भोक न पाडता साधारण 2 मिमीपासून वाढवत नेतात, आणि ड्रिल वर-खाली करून चुरा बाहेर काढतात. खालच्या जबड्याचं हाड कडक, तिथे जास्तच जपावं लागतं. टॉर्कचंही तसंच. साधारण 35 न्यूटन-सेंटिमीटरला स्क्रू पक्का बसतो. फार आवळला तर काठावरचं हाड दाबानं झिजू शकतं. आमच्याकडे कशेडीचा बोगदा झाला, त्याचंच उदाहरण घ्या. असं काम करताना सुरुंग बेतानं लावले नाहीत तर भोवतीचा चांगला खडकही सैल होतो.

आणखी एक पेच आहे. हिरडी उलगडून काम केलं की हाडावरच्या पातळ आवरणातून येणारं रक्त काही काळ तुटतं. न उलगडता केलं तर ते वाचतं, पण मग डॉक्टरांना हाड डोळ्यांनी दिसत नाही!

असो. मामांचं काय? पहिल्या वर्षी थोडं हाड जातंच. पुढे वर्षाला 0.2 मिमीपेक्षा कमी जावं, असा 1986 पासूनचा निकष. आट्यांचा पिच ठाऊक असला की एक्स-रेवरच मोजता येतं. हाड सुरुवातीलाच उतरलं असेल तर शस्त्रक्रियेवर संशय, नंतर हळूहळू उतरलं असेल तर दातांवरचं कीटण, तंबाखू, मधुमेह यांच्यावर. पण त्यासाठी बसवल्या दिवशीचा एक्स-रे हवा. तो मामांच्या महाडच्या दुकानात होता, आणि 22 जुलै 2021 च्या पुरात दुकानात सावित्रीचं पाणी शिरलं.

म्हणजे मामांच्या प्रश्नाला आता उत्तर नाही. डॉक्टरांनी इम्प्लांटभोवती साफ केलंय, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. नव्या एक्स-रेवर मी तारीख घातली, मोबाईलमध्ये फोटोही ठेवला. मामी सगळं ऐकत होती. म्हणाली, "अहो, आणि त्या तंबाखूच्या पुडीचं काय?"

मामांनी पुडी हळूच खिशात सरकवली.