‘ब्राँकायटिस’ : एका रोगनामाची व्युत्पत्ती

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केले. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी हस्तलिखितांबरोबर युरोपीय ग्रंथही जमविले. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य या दोन्ही वैद्यकांचा अभ्यास होत असे. तेथील उपचार पुढे तमिळ पद्यांत ग्रथित झाले. त्यांत ‘कास’ व ‘श्वास’ या रोगांनाही स्थान आहे. याच काळात, १८०८ साली, चार्ल्स बॅडम या इंग्रज वैद्याने आपल्या ग्रंथात ‘ब्राँकायटिस’ हा शब्द योजिला. ही दोन नावे शेजारी ठेवून पाहिली असता बोध होतो.

‘कास’ हा शब्द ‘कास्’ म्हणजे खोकणे या संस्कृत धातूपासून झाला. हे नाव लक्षणावरून पडले आहे. त्याचे पाच प्रकार आयुर्वेदाने मानले : वातज, पित्तज, कफज, क्षतज व क्षयज. अर्थात हे भेद कारणावरून केलेले आहेत.

‘ब्राँकायटिस’ची घडण निराळी आहे. ग्रीक ‘ब्राँखोस’ म्हणजे श्वासनलिका. ‘-आयटिस’ या प्रत्ययाचा मूळ अर्थ केवळ ‘त्यासंबंधीचा’ एवढाच असून पुढे ‘रोग’ हा शब्द अध्याहृत असे. कालांतराने त्यास ‘दाह’ हा अर्थ चिकटला. येथे नाव पडले ते स्थानावरून. फुप्फुसाचा दाह आणि त्याच्या आवरणाचा दाह यांहून हा विकार वेगळा आहे, हे बॅडमने दाखविले. मराठीत यास ‘श्वासनलिकादाह’ म्हणतात. कोणी ‘शोथ’ म्हणजे सूज हा शब्द योजितात.

मात्र स्थान कळले म्हणजे कारण कळले असे नव्हे. तीव्र श्वासनलिकादाह बहुधा विषाणूंमुळे होतो व त्यावर प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. लागोपाठ दोन वर्षे, दरवर्षी निदान तीन महिने कफयुक्त खोकला राहिला आणि त्यास दुसरे कारण आढळले नाही, तर तो विकार चिरकारी समजतात. तंबाखूचा व चुलीचा धूर ही त्याची प्रमुख कारणे होत. खोकला दोन आठवडे टिकल्यास मात्र क्षयरोगाची तपासणी अवश्य करून घ्यावी. प्राचीनांनी कासाच्या भेदांत ‘क्षयज’ हा निराळा गणला होता, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. रोगाचे नाव हा निदानाचा आरंभ होय, शेवट नव्हे.