चॉकलेट, मधुमेह आणि जिभेचें शिक्षण

आपल्या शाळेंत वाढदिवसाच्या दिवशीं वर्गांत चॉकलेटें वाटण्याची चाल आहे. हजेरी झाली कीं नव्या कपड्यांतील तो भाग्यवान विद्यार्थी डबा घेऊन उभा राहतो आणि पहिलें चॉकलेट शिक्षकाच्या हातावर ठेवतो. गेलीं सहा वर्षें मीं तें घेऊन टेबलाच्या खणांत टाकलें आहे, हें कांहीं चाणाक्ष मुलांच्या लक्षांत आलेलें दिसतें. यंदा आठवीच्या एका मुलीनें मला सरळच विचारलें, "सर, तुम्हांला चॉकलेट आवडत नाहीं का?" तेवढ्यांत तासाची घंटा झाली आणि उत्तर अर्धवट राहिलें. तें आज येथें पुरें करण्याचें योजिलें आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची जी पाहणी 2023 सालीं प्रसिद्ध झाली, तींत आपल्या देशांतील मधुमेहग्रस्तांची संख्या 10 कोटींहून अधिक भरली. तेव्हां हें वार्षिक ज्या घरांत जाईल, त्यांतील पुष्कळ घरांत या उत्तराचा उपयोग होण्यासारखा आहे.

चॉकलेट मला आवडतें, फार आवडतें. सहा वर्षांपूर्वीं एका किरकोळ दुखण्यासाठीं रक्ततपासणी झाली, तेव्हां मला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असल्याचें कळलें. डॉक्टरांनीं जो आंकडा दाखविला, त्यास 'एच्‌बीए-वन-सी' म्हणतात. रक्तांतील साखर तांबड्या पेशींतील रंगद्रव्यास चिकटते, आणि या पेशी सुमारें 120 दिवस जगतात. म्हणून या आंकड्यावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी समजते. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागून हा विषय उत्तीर्ण होतां येत नाहीं! 5.7 च्या खालीं असावयाचा तो माझा आंकडा 8.4 होता.

घरीं येऊन मीं प्रतिज्ञा केली कीं, यापुढें चॉकलेटास स्पर्श करावयाचा नाहीं. ती प्रतिज्ञा एकोणीस दिवस टिकली. विसाव्या दिवशीं मीं तपासलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यामागें लपून एक अख्खी वडी खाल्ली, आणि तिचें वेष्टन कोटाच्या खिशांत राहिल्यामुळें तें धुण्याच्या वेळीं पत्नीच्या हातीं लागलें. ती रागावली नाहीं. "लपवूं नका, एवढेंच माझें म्हणणें," इतकेंच ती बोलली, आणि मला दहावीच्या वर्गांत नक्कल करतांना पकडलेल्या मुलासारखें वाटलें.

त्यानंतर दुकानांत एके दिवशीं 'साखरविरहित' अशी मोठी अक्षरें छापलेली चॉकलेटची वडी दिसली. मीं ती मोठ्या आनंदानें विकत घेतली आणि एका बैठकींत संपविली. दुसऱ्या दिवशीं नववीच्या तासाला माझ्या पोटानें जो काय गडगडाट आरंभिला, तो शेवटच्या बाकापर्यंत ऐकूं गेला असावा. रक्तांतील साखरही वाढलेली निघाली. वेष्टन पुन्हां वाचलें, तेव्हां उलगडा झाला. साखरेऐवजीं त्यांत माल्टिटॉल नांवाचा गोड पदार्थ होता. हा साखरेच्या जवळपास गोड असतो, आणि त्याची उष्णता साखरेच्या सुमारें निम्मी. परंतु त्याचा कांहीं भाग पचून रक्तांत उतरतोच, आणि उरलेला मोठ्या आंतड्यांत जाऊन आंबतो. 'साखर शून्य' म्हणजे 'कर्बोदकें शून्य' नव्हे, हा धडा मला अशा रीतीनें मिळाला. शिवाय त्या वडीनें माझ्या जिभेस कांहींच शिकविलें नाहीं. तिची भूक होती तेवढ्याच गोडाची राहिली.

आतां थोडा इतिहास पाहूं. कारण माझा पुढील मार्ग त्यांतूनच सांपडला. कोकोचें झाड मूळचें अमेरिका खंडांतील उष्ण प्रदेशाचें. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें 1753 सालीं त्यास 'थिओब्रोमा' हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'देवांचें अन्न'. परंतु मेक्सिकोंतील आझ्टेक लोक त्याच्या बियांचें जें पेय पीत, त्यांत साखर नसे, कारण ऊस त्या खंडांत नव्हताच. बिया भाजून, वाटून, पाण्यांत घुसळून, मिरची व सुगंधी द्रव्यें घालून तें फेंसाळ करीत. क्वचित् मध घालीत. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं हें पेय युरोपांत नेलें आणि तेथें त्यास साखरेची जोड मिळाली. 1828 सालीं हॉलंडांतील व्हान हाउटेन यांच्या कारखान्यानें कोकोंतील स्निग्धांश दाबून वेगळा काढण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. 1847 सालीं ब्रिस्टल येथील फ्राय यांच्या कारखान्यानें कोकोची भुकटी, साखर व तो स्निग्धांश एकत्र करून सांच्यांत ओतला, आणि पिण्याचें चॉकलेट खाण्याचें झालें. (फ्राय, कॅडबरी व राउंट्री हीं तिन्ही क्वेकर पंथाचीं घराणीं, लोकांनीं मद्याऐवजीं कोको प्यावा अशी त्या पंथाची कळकळ होती.) पुढें 1875 च्या सुमारास स्वित्झर्लंडांतील व्हेव्हे गांवीं डॅनिएल पीटर यानें त्यांत दूध मिसळण्याची युक्ति साधली. आज आपण ज्यास नुसतें 'चॉकलेट' म्हणतों, तें हेंच.

हा क्रम नीट पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, मूळच्या कडवट वस्तूंत मनुष्यानें पायरीपायरीनें गोडी भरली, आणि त्याची जीभ प्रत्येक पायरीस सरावत गेली. मग त्याच पायऱ्या उलट उतरून कां जातां येऊं नये, असा विचार माझ्या मनांत आला.

त्यासाठीं प्रथम वेष्टनावरील गणित शिकावें लागलें. पालकांनींही तें शिकावें, अशी माझी विनंति आहे. दुधाच्या साध्या चॉकलेटांत 100 ग्रॅममागें 50 ते 60 ग्रॅम साखर असते. म्हणजे 40 ग्रॅमची एक वडी खाल्ली, तर 20 ते 24 ग्रॅम साखर, अर्थात् पांच-सहा चहाचे चमचे पोटांत गेले. जागतिक आरोग्य संघटनेनें 2015 सालीं दिवसभराच्या वरकड साखरेची जी इष्ट मर्यादा सांगितली, ती प्रौढ मनुष्यास सुमारें 25 ग्रॅम पडते. ती एका वडींतच संपली! 70 टक्के कोको असलेल्या चॉकलेटांत हीच साखर 25 ते 30 ग्रॅमवर येते, आणि 85 टक्क्यांच्या चॉकलेटांत 12 ते 15 ग्रॅमवर. तेव्हां 85 टक्क्यांचे दहा-दहा ग्रॅमचे दोन तुकडे घेतले, तर साखर सुमारें तीन ग्रॅम होते. नुसत्या 'डार्क' या शब्दावर मात्र भिस्त ठेवूं नये. तें नांव धारण करणाऱ्या कित्येक चॉकलेटांत कोको निम्माच असतो आणि उरलेली जागा साखरेची असते. टक्क्यांचा आंकडा व 'एकूण साखर' ही ओळ, दोन्ही वाचावींत.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. काळें चॉकलेट हें औषध नव्हे. साखर कमी झाली तरी स्निग्धांश वाढलेला असतो; वरील दोन तुकड्यांत एका पोळीइतकी उष्णता सांठविलेली आहे. 'कडू आहे म्हणून चालेल' असें म्हणून अख्खी वडी खाणाऱ्याचें वजन वाढेल, आणि वजन वाढलें कीं मधुमेह बळावतो. माझे एक स्नेही रोज कारल्याचा रस पिऊन वर जिलबी खातात, त्यांची येथें आठवण होते.

आतां मुख्य प्रश्न. जीभ खरोखर बदलते का? जिभेवरील रुचिपेशी सुमारें दहा-पंधरा दिवसांत जुन्या जाऊन नव्या येतात हें खरें. पण आवड ही पेशींत नसून मेंदूच्या संवयींत असते, आणि ती इतक्या लवकर पालटत नाहीं. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं 2016 सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं प्रौढांनीं तीन महिने आहारांतील साखर बरीच कमी केली. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत तोच पदार्थ त्यांस पूर्वीपेक्षां अधिक गोड लागूं लागला. मात्र गोडाची आवड त्यामुळें उणावली असें दिसलें नाहीं, आणि जुना आहार सुरू होतांच जीभही पूर्वस्थितीवर आली. माझा अनुभव याशीं बराचसा जुळतो.

गोडी ही वस्तूंत किती आणि जिभेंत किती, हें पाहण्याचा एक गमतीचा प्रयोग आम्ही विज्ञानमंडळांत केला होता. आपल्याकडील रानांत गुडमार नांवाचा वेल होतो. त्याचें पान चावून थुंकून टाकलें आणि मग जिभेवर साखर ठेवली, तर ती वाळूसारखी बेचव लागते. कारण पानांतील द्रव्य गोडी ओळखणारीं जिभेवरील द्वारें कांहीं वेळ अडवून धरतें. कडवटपणाचीं द्वारें मात्र उघडींच असतात. त्या स्थितींत दुधाचें चॉकलेट खाल्लें, तेव्हां मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. "सर, यांत मेण घातलें आहे!" असें एकजण ओरडला. साखरेचा बुरखा निघाला म्हणजे त्या वडींत कोको किती थोडा आहे, तें सर्वांस कळलें. (मधुमेहावर औषध घेणाऱ्यानें हा पाला आपल्या मनानें खाऊं नये, रक्तांतील साखर औषधामुळें उतरत असतां ती अधिक खालीं जाण्याचा संभव असतो.)

मीं प्रथम 50 टक्क्यांपासून आरंभ केला. दोन महिन्यांनीं 60, नंतर 70, आणि वर्ष संपतां संपतां 85. प्रारंभीं मेटफॉर्मिनच्या गोळ्यांमुळें तोंडांत तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी चव असे, त्यांत हा कडवटपणा. पहिला 85 टक्क्यांचा तुकडा मला क्विनीनचा सख्खा भाऊ वाटला. हळूहळू कांहीं गोष्टी कळल्या. तुकडा चावावयाचा नाहीं, जिभेवर वितळूं द्यावयाचा. उपाशीपोटीं नव्हे, तर जेवणानंतर घ्यावयाचा, आणि उरलेली वडी घेऊन बसावयाचें नाहीं. ती कपाटांत ठेवून मगच परत यावयाचें. साधारण दहाव्या महिन्यांत एके रात्रीं त्या कडवटपणाच्या मागून मनुका भाजल्यासारखा कांहीं वास आला. तो पूर्वींही असेलच; पण साखरेच्या गोंगाटांत तो मला कधीं ऐकूं आला नव्हता.

आतां एका विद्यार्थ्याविषयीं लिहितों; त्याची व त्याच्या आईवडिलांची संमति घेतलेली आहे. त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. हा आजार गोड खाल्ल्यानें होत नाहीं. शरीराची संरक्षक शक्तिच स्वादुपिंडांतील इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते, आणि मग तें द्रव्य बाहेरून टोंचून द्यावें लागतें. 1921 सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन वेगळें काढण्याचें काम हातीं घेतलें आणि जानेवारी 1922 मध्यें लिओनार्ड थॉमसन या 14 वर्षांच्या मुलास तें प्रथम देण्यांत आलें. त्यापूर्वीं अशा मुलांस जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे थोडे दिवस वाढविणें एवढेंच डॉक्टरांच्या हातीं होतें. आज आपला हा विद्यार्थी फुटबॉल खेळतो. वाढदिवसाचें चॉकलेट किती ग्रॅमचें व त्यांत कर्बोदकें किती, हें पाहून, डॉक्टरांनीं शिकविल्याप्रमाणें इन्सुलिनचा हिशोब करून तो तें खाऊंही शकतो. "त्याला नको देऊं, त्याला शुगर आहे," असें वर्गांत मोठ्यानें बोलणाऱ्या मुलांना मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, तो हिशोब तुमच्यापेक्षां त्याला अधिक येतो.

गेल्या पावसाळ्यांत खेळाच्या तासाला त्याची साखर एकाएकीं उतरली. घाम फुटला, हात थरथरूं लागले, बोलण्यांत गोंधळ होऊं लागला. एका मित्रानें प्रेमानें आपल्या दप्तरांतील चॉकलेट त्याच्या तोंडांत घातलें. हेतु चांगला, पण चॉकलेटांतील स्निग्धांशामुळें साखर रक्तांत सावकाश उतरते, आणि अशा वेळीं तेवढा अवधि नसतो. त्या वेळीं 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यांत विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनीं रक्त पुन्हां तपासावें, आणि आंकडा 70 च्या वर आला नसेल तर पुन्हां तितकीच द्यावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडांत कांहींही घालूं नये. तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. त्या दिवशीं खेळाच्या शिक्षकांनीं ग्लुकोजचें पाणी दिलें आणि थोड्या वेळानें तो मुलगा ताळ्यावर आला. तेव्हांपासून माझ्या टेबलाच्या खणांत तुमच्या चॉकलेटांच्या शेजारीं ग्लुकोजचा एक डबा असतो. खणाला कुलूप नाहीं.

माझा आंकडा गेल्या खेपेस 6.6 आला. त्याचें श्रेय औषधांना, सायंकाळच्या चालण्याला आणि भात निम्मा करण्याला आहे. चॉकलेटाचा वांटा त्यांत थोडाच. गेल्या नाताळांत पाहुण्यांनीं आणलेल्या दुधाच्या चॉकलेटाचा, एके काळीं ज्यासाठीं मीं वह्यांमागें लपलों होतों त्याच चॉकलेटाचा, एक तुकडा मीं सर्वांसमक्ष तोंडांत टाकला. तो इतका गोड लागला कीं कोको शोधूनही सांपडेना. उरलेला भाग धाकट्या मुलीनें आनंदानें संपविला. हापूस आंब्याच्या बाबतींत मात्र माझ्या जिभेनें अद्याप कांहीं एक शिकण्याचें नाकारलें आहे, आणि दर मे महिन्यांत अर्ध्या फोडीवरून घरांत वाद होतो.