सबवूफरचा खर्ज वेगळा कसा करावा?

प्रश्न : घरी बनवलेल्या सबवूफरमधून गायकाचे शब्दही घुमतात. स्पीकरच्या तारेत व्हॉल्यूमचा पॉट जोडला तर फक्त खर्ज उरेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, परंतु तेथे पॉट जोडल्याने सर्वच स्वर क्षीण होतील आणि तो पॉट बहुधा जळेल, म्हणून ही छाननी ॲम्प्लिफायरच्या अलीकडे, जेथे संकेत अद्याप दुर्बळ असतो, तेथेच व्हावयास हवी.

टीएल०७२ या आयसीतील एका ऑप-ॲम्पने डावी व उजवी वाहिनी एकत्र करावी. दुसऱ्याचे निर्गम त्याच्याच ऋण पायाला जोडून, धन पायाकडे जाणाऱ्या वाटेत ड्युअल पॉटचे २२ किलोओहमचे दोन्ही भाग, प्रत्येकी १० किलोओहमच्या रेझिस्टरसह, एकापुढे एक बसवावेत; त्यांच्या मधल्या सांध्यापासून निर्गमापर्यंत ०.२ मायक्रोफॅरडचा (०.१ चे दोन समांतर) आणि धन पायापासून ग्राउंडपर्यंत ०.१ चा कपॅसिटर जोडला, की मर्यादा सुमारे ३५ ते ११० हर्ट्झ फिरवता येते. ८० च्या आसपास आरंभ करावा. शब्द ऐकू येईनासे होईपर्यंत खाली यावे.

ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूस फ्यूज अवश्य घालावा, आणि प्लग काढल्याखेरीज पेटीत हात घालू नये.