क्रोध आणि स्मरण

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२-६३) भगवंतांनी नाशाची साखळी सांगितली आहे. विषयचिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, आणि मग स्मृतिभ्रंश. कीर्तनात आम्ही या कडीपाशी नेहमी थांबतो. रागाच्या भरात समोर बाप उभा आहे की भाऊ, हेच माणूस विसरतो! म्हणून तर नामाला आपल्याकडे 'स्मरण' म्हणतात.

पैठणच्या नाथमहाराजांची कथा ठाऊक आहेच. गोदास्नान करून येताना एकजण अंगावर थुंके. महाराज पुन्हा स्नानास जात. असे १०८ वेळा झाले म्हणतात. कुणी म्हणेल, "बुवा, ते संत, आम्ही प्रपंची!" अहो, नाथही प्रपंचीच होते. घरात गिरिजाबाई होत्या, मुलेबाळे होती. आणि नवल गप्प राहण्याचे नव्हे. दातओठ खाऊनही माणूस गप्प बसतो. महाराजांना प्रत्येक वेळी गंगा आठवली, थुंकणारा नाही, हे नवल!

वारीत म्हातारे वारकरी हेच करतात. मुक्कामी पाण्याच्या टँकरपाशी रेटारेटी होते, कुणी हंडा सरकवतो. म्हातारा 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत त्याच्याच पाया पडतो. मग त्यालाही वाकावे लागते. भांडण राहते बाजूला. नव्या पोरांनी दिंडीत अशा एखाद्या म्हाताऱ्यामागे चालावे. श्लोक आम्ही रात्री सांगूच.