वैशाखातील बाग

जांबोटीच्या पावसाचे कौतुक सर्वांच्या तोंडी असते. जवळच कणकुंबीला मलप्रभेचा उगम, आषाढात सूर्यदर्शन दुर्लभ. तेव्हा येथे पाण्याची ददात ती कसली, असे परगावच्या पाहुण्यास वाटावे. परंतु आपली तांबडी, जांभ्याची माती पाणी फार काळ धरून ठेवीत नाही. चैत्र सरता सरता विहिरीचा तळ दिसू लागतो आणि नेमकी त्याच वेळी शाळेला सुटी लागते. पावसाळ्यात हौसेने लावलेली बाग वैशाखात जगवायची कशी, हा आमच्यापुढील खरा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी आम्ही तो चुकीच्या रीतीने सोडविला. रोज सायंकाळी झारीने सर्व झाडांवर थोडे थोडे पाणी शिंपावे, असे आम्ही मुलांना सांगितले. मुलांनी ते इमानाने केले. तरीही मे महिन्यात जास्वंदीची तीन झाडे वाळली. उपटून पाहतो तो वरची चार बोटे माती ओलसर, खाली कोरडी भुकटी! ओल वर, म्हणून मुळ्याही वर. आणि वरची माती तर उन्हाने तव्यासारखी तापलेली. दोष मुलांचा नव्हता, आमचा होता.

झाड पाणी पिते ते बहुतांशी हवेत सोडण्यासाठी. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स याने कुंडीतील साडेतीन फूट उंचीच्या सूर्यफुलाचे रोज वजन करून पाहिले व 1727 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते मांडले. ते एक रोप दिवसाला सरासरी वीस औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत सोडीत होते! पानांवरील सूक्ष्म रंध्रांवाटे हे पाणी वाफ होऊन जाते व त्यायोगे पान थंड राहते. भर दुपारी मुळांचा पुरवठा अपुरा पडला की पाने माना टाकतात. ती सायंकाळी पुन्हा ताठ झाली तर घाबरण्याचे कारण नाही. सकाळीही मलूल दिसली, तर मात्र झाड खरोखर तहानलेले आहे.

म्हणून यंदा आम्ही पाणी चार-पाच दिवसांआड, परंतु आळे भरून, पहाटे देणार आहोत. दुपारी पानावर पडलेला थेंब भिंगासारखा पान जाळतो, असे पुष्कळजण सांगतात. 2010 साली हंगेरीतील संशोधकांनी प्रयोग करून दाखविले, की गुळगुळीत पानांवर असे होत नाही. दुपारी पाणी न देण्याचे कारण साधे आहे: त्यातील बरेचसे मुळांपर्यंत पोचण्यापूर्वीच उडून जाते.

आळ्यात चार बोटे जाडीचा पालापाचोळा पसरावा. बुंध्याला मात्र तो टेकू देऊ नये. गोव्याकडे माडाच्या बुडाशी नारळाची सोडणे अंथरतात, तीही हेच काम करतात. आम्ही घरी कोकणी बोलणारे. आबोलीवाचून बाग आम्हांस बागच वाटत नाही, आणि आबोलीला ही सावली फारच मानवते. सुटीत रोज येणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी झाडाजवळ भाजलेले, न रंगविलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे व पाणी भरून झाकावे. पाणी हळूहळू पाझरते. चीनमध्ये इ. स. पूर्व पहिल्या शतकातील फान शेंग-ची याच्या कृषिग्रंथात ही युक्ती आहे. आपल्याला तर मडक्यांसाठी प्रसिद्ध खानापूर हाकेच्या अंतरावर आहे.

राहिली हिरवळ. एक गुंठा जागेवर इंचभर पाणी द्यावयाचे म्हणजे सुमारे अडीच हजार लिटर, पंधरा लिटरच्या बादलीने जवळजवळ एकशे सत्तर बादल्या! ज्या विहिरीवर शेजारची घरे पिण्याचे पाणी भरतात, तिच्यातून हे उपसणे आम्हांस पटत नाही. आपली हिरवळ हरळीची आहे. ती पिवळी पडली तरी जमिनीखालील तिच्या कांड्या जिवंत असतात. या दिवसांत ती कापू नये, खत घालू नये, तिच्यावर खेळूही नये. एवढे सांभाळले तर वळवाच्या एक-दोन सरींनंतर ती पुन्हा हिरवी होऊ लागते. वळीव पडला म्हणून आळ्यांतील पाला मात्र लगेच काढू नका. त्यानंतरही कडक ऊन पडते. नवी रोपे मृगाचा पाऊस नीट लागल्यावरच लावू.