गॅरेज कोणाच्या पसंतीचे?

प्रश्न : समृद्धी महामार्गावर कारचा अपघात झाला. विमा कंपनी म्हणते, आमच्या यादीतल्याच गॅरेजला गाडी न्या. मेहकरच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली तर दावा बुडेल का? – एक वाचक, मेहकर

उत्तर : बुडणार नाही. यादीतले गॅरेज ही कॅशलेसची अट आहे, दाव्याची नव्हे. बाहेर काम केले तर बिल आधी तुम्ही भरायचे, मग परतावा मागायचा, एवढाच फरक. पॉलिसीत गाडी दुरुस्त करून द्यायची की रोख भरपाई द्यायची, हा पर्याय कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो आणि त्यावर बोट ठेवून ती अडवू पाहील. पण तीच पॉलिसी विमेदाराला दुरुस्ती सुरू करायची मुभाही देते, फक्त ५०० रुपयांपर्यंत! हा आकडा आज हास्यास्पद आहे, तरी मथितार्थ पक्का: कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरने नुकसान पाहण्याआधी पाना लावू नका. खरे दावे अडकतात ते इथेच. फोटो काढा, लेखी एस्टिमेट द्या, मंजुरी लेखी घ्या, बदललेले भाग जपून ठेवा.

छोटे गॅरेज बिल फुगवते, हा कंपनीचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण त्यासाठीच सर्व्हेअर असतो. शिवाय झीरो डेप (घसारा न कापणारे) कव्हर नसेल तर प्लास्टिकच्या बंपरवर ५० टक्के घसारा कुठल्याही गॅरेजमध्ये कापला जातोच. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र अधिकृत सर्व्हिस सेंटरच बरे. तरीही परतावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल किंवा बुलढाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आयोगाकडे राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते.